आपोआप पेटणारा बंब

ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून राज्यघटनेपर्यंतचे विषय आपण ऐकत आलो, तेथून न्हाणीघरातल्या बंबाविषयी बोलावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. त्यातून हे सोलापूर. वैशाखात येथे गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापते की, भर दुपारी नळ सोडला तर हात मागे घ्यावा लागतो. अशा गावी पाणी तापविण्याच्या यंत्राची चर्चा ती काय करावयाची! परंतु पौषातल्या पहाटे गार पाण्याचा तांब्या अंगावर घेण्यास येथेही फारसे कोणी पुढे येत नाही. आणि आता घरोघर भिंतीवर गिझर किंवा गच्चीवर सोलर बसला आहे. हे यंत्र कोणी हात न लावता मध्यरात्री चालू होऊ लागले, तर त्याचा अर्थ काय समजावयाचा, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

तो आम्हांस सुचला एका आजीबाईंमुळे. जुळे सोलापुरात आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या गच्चीवर दीडशे लिटरचा सोलर आहे आणि ढगाळ दिवसांसाठी त्याच्या टाकीत विजेची कॉइल बसविलेली आहे. कॉइलचे बटण बारमाही चालूच. ऊन असले म्हणजे थर्मोस्टॅट ती पेटू देत नाही, अशी घरातली समजूत, आणि ती पुष्कळशी बरोबरही होती. एका जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी त्यांच्याकडे पाहुणे आले, चार दिवस राहिले आणि गेले. त्यानंतर आठवड्याभरात आजींनी तक्रार सुरू केली. त्यांची खाट व्हरांड्याच्या खिडकीशी, आणि विजेचा मीटर व्हरांड्यातच. रात्री मीटरवरचा जो तांबडा दिवा सावकाश लुकलुकत असतो, तो दोन-अडीचच्या सुमारास एकाएकी धावत सुटतो, असे त्यांचे म्हणणे. घरच्यांनी प्रथम हसून सोडून दिले. पुढे बिल आले तेव्हा हसणे थांबले. वायरमनला बोलाविले. त्याने थर्मोस्टॅट गेला असे निदान करून नवा बसविला. दोन रात्री स्वस्थ गेल्या, तिसऱ्या रात्री दिवा पुन्हा धावला. आजी एवढेच म्हणाल्या, "आधी पंप घुरघुरतो आणि मग थोड्या वेळानं दिवा पळायला लागतो. मी रोज ऐकते." त्यांच्या या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही, हे येथे कबूल करतो.

तांब्याचा जुना बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांस आठवेल की, तो कधी आपोआप पेटत नसे. मधल्या नळकांड्यात बंबफोड घालावयाची, खाली गोवरीचा तुकडा सरकवावयाचा, धूर डोळ्यांत घ्यावयाचा, तेव्हा कुठे घंगाळात कढत पाणी पडे. या गावाने मोठे बंबही पाहिले. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे इतर गिरण्या आल्या, आणि या शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. त्या गिरण्यांच्या बॉयलरपाशी अहोरात्र माणूस असे. पाण्याची काचनळी आणि दाबाचा काटा यांवरून त्याने नजर काढावयाची नाही, असा दंडक होता. १९२३ च्या बॉयलर कायद्याने तर तपासणी आणि दाखला यांवाचून बॉयलर चालविणे बंदच केले. घरातल्या गिझरपाशी असा माणूस नाही. त्याचे काम बोटभर जाडीच्या एका नळीकडे सोपविले आहे, आणि आपण निश्चिंत झोपतो. तेव्हा त्या नळीची थोडी ओळख करून घेणे योग्य होईल.

थर्मोस्टॅटचे प्रकार अनेक आहेत. त्यांतला समजण्यास सोपा प्रकार असा: पितळेची एक नळी पाण्यात बुडालेली असते आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची काडी एका टोकाशी जोडलेली असते. पितळ तापले की पसरते, हे आपल्या घरातल्या भांड्यांवरूनही ठाऊक आहे. इन्व्हार मात्र जवळजवळ पसरतच नाही. पितळेच्या मानाने पंधराव्या हिश्शाइतकेही नाही. लोखंड आणि निकेल यांची ही धातू गियोम या शास्त्रज्ञाने शोधली आणि १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पाणी तापले म्हणजे नळी लांबते, काडी होती तेवढीच राहते, त्यामुळे ती मागे ओढली जाते आणि विजेचा संपर्क तुटतो. पाणी निवले की नळी आखडते, काडी पुढे सरकते, संपर्क पुन्हा जुळतो. एवढेच. या नळीला घड्याळ कळत नाही, रात्र कळत नाही, घरात कोणी जागे आहे की नाही हेही कळत नाही. आपल्याभोवतीचे पाणी निवले, एवढी एकच गोष्ट तिला कळते. म्हणून यंत्र 'आपोआप' चालू झाले असे आपण म्हणतो तेव्हा ते खरे नसते. कोणी तरी त्याला हुकूम दिलेला असतो, आणि तो कोणी दिला याचा तपास करावयाचा असतो. आमच्या स्नेह्यांच्या घरी वायरमनने हुकूम पाळणाऱ्याला बडतर्फ केले. हुकूम देणारा घरातच राहिला.

मग पहिला प्रश्न असा की, रात्री गिझर चालू होणे हा मुळात बिघाड आहे का? थोडे गणित करू. पंधरा लिटरचा गिझर, पाणी साठ अंशांवर ठेवलेले, नळ सगळे बंद. तरीही टाकीच्या वेष्टनातून उष्णता झिरपत राहते. चोवीस तासांत अर्ध्यापासून एका युनिटापर्यंत वीज केवळ या झिरपण्यात जाते. नव्या गिझरवर चांदण्यांचे जे लेबल असते, त्याच्या चांदण्या या झिरपण्यावरूनच ठरतात. थर्मोस्टॅट सहा-सात अंश उतरेपर्यंत वाट पाहतो असे धरले, तर पाणी तेवढे निवण्यास चांगल्या गिझरात चार-पाच तास लागतात, आणि दोन किलोवॅटची कॉइल ती तूट चार मिनिटांच्या आत भरून काढते. म्हणजे रात्रीतून एक-दोनदा, चार मिनिटांपुरता पेटणारा गिझर निरोगी आहे. त्याला औषध नको. निजताना बटण बंद केले म्हणजे झाले. परंतु तो दर अर्ध्या तासाला पेटत असेल, किंवा एकदा पेटला की वीस-वीस मिनिटे विझत नसेल, तर कढत पाणी कोठे तरी जात आहे आणि त्याच्या जागी गार पाणी येत आहे, असे खुशाल समजावे.

हे पाहण्यासाठी घरात मोठी हत्यारे लागत नाहीत. मीटरवरच्या दिव्याजवळ एक आकडा छापलेला असतो; एका युनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो, तो हा आकडा. ३२०० असेल, तर दोन किलोवॅटची कॉइल चालू असताना दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकेल. १६०० असेल तर पन्नासाहून थोडे अधिक. घरातले बाकी सारे बंद करून, वही घेऊन मीटरसमोर तासभर बसावे. गिझरच्या बटणातल्या दिव्यावर भिस्त ठेवू नये. बटण चालू आहे एवढेच तो बहुधा सांगतो, कॉइल पेटली आहे की नाही हे सांगत नाही. शिवाय काही दिवे बटण बंद असतानाही वायरीतल्या किंचितशा प्रवाहाने मिणमिणत राहतात आणि घाबरट माणसाला उगीच जागे ठेवतात.

कढत पाणी जाण्याची सर्वांत साधी वाट म्हणजे गळका नळ. आपल्या गावात नळाला पाणी रोज यावे अशी चैन अनेक वर्षे नव्हती, त्यामुळे नळ गळू लागला तर आपण खाली बादली लावतो आणि पाणी वाया गेले नाही म्हणून समाधान मानतो. पाणी वाचते हे खरे. पण तो नळ गरम पाण्याचा असेल तर दहा मिनिटांत एक लिटर अशा गतीच्या गळतीपायी दिवसाकाठी जवळजवळ सहा युनिटे त्या बादलीत थंड होत बसतात. आठ आण्यांचा वॉशर असे पूर्वी म्हणत. आज आठ आणे चालत नाहीत, पण वॉशर अजूनही स्वस्तच आहे.

दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही, आणि आजींच्या घरचे कोडे तेथेच होते. आजकाल न्हाणीघरात गरम आणि गार पाण्याच्या दोन चाव्या एकाच पितळी अंगावर बसविलेल्या असतात. त्याला मिक्सर म्हणतात. मिक्सरला हातात धरावयाचा शॉवर जोडलेला असतो आणि त्या शॉवरलाच बंद करण्याचे बटण असते. पाहुण्यांपैकी कोणी तरी आंघोळ आटोपल्यावर शॉवरचे बटण दाबून पाणी थांबविले. पाणी थांबले, म्हणून दोन्ही चाव्या किंचित उघड्या राहिल्या आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. घरच्या मंडळींची आंघोळ बादलीने, दुसऱ्या नळावर. या मिक्सरकडे नंतर कोणी फिरकलेच नाही. बाहेर थेंब पडत नव्हता, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि गार पाण्याचे नळ एकमेकांना मिळालेले होते.

एवढ्याने बिघडले नसते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या गार पाण्याला जोर नाही म्हणून स्नेह्यांनी त्या वाहिनीवर प्रेशर पंप बसविला होता. कोठलाही गार पाण्याचा नळ सोडला की पंप सुरू व्हावयाचा. गरम पाणी मात्र सोलरच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरणारे. आता रात्री अडीच वाजता काय होत असे ते पाहा. घरातले कोणी तरी उठून शौचकूपात जाई, टाकी ओढी. ती भरू लागली की पंप घुरघुरे. पंपाच्या जोराने गार पाणी मिक्सरमधून गरम नळात शिरे आणि उलट्या वाटेने वर चढून सोलरच्या टाकीत पडे. गार पाणी जड, ते टाकीत खाली उतरे आणि थर्मोस्टॅटच्या नळीला जाऊन भिडे. नळी आखडे, कॉइल पेटे, मीटर धावे. आजींनी जे ऐकले होते ते अक्षरशः बरोबर होते: आधी पंप, मग दिवा. हुकूम शौचकूपातून सुटत होता! नव्या थर्मोस्टॅटच्या दोन स्वस्थ रात्रींचेही कारण तेच. त्या दोन रात्री घरातले कोणी उठले नव्हते.

याची परीक्षा सोपी आहे, ती कोणीही करू शकेल. प्रथम गिझरची किंवा कॉइलची वीज बंद करावी. हे विसरू नये. नंतर गिझरमध्ये गार पाणी नेणारा कॉक बंद करावा आणि एखादा गरम पाण्याचा नळ उघडावा. आत पाणी शिरण्याची वाटच बंद केल्यामुळे नळाचे पाणी थोड्या वेळात थांबले पाहिजे. ते धो धो चालूच राहिले, तर ते गिझरमधून येत नसून कोठल्या तरी मिक्सरमधून गार बाजूचे येत आहे. मग एकेक मिक्सर तपासावा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गरम नळावर बसविला म्हणजे हा उपद्रव पुढे होत नाही. पाहुण्यांना मात्र याबद्दल बोल लावू नये. शॉवरला बटण ठेवणाऱ्यानेच तो सापळा मांडून ठेवलेला आहे.

सोलरवाल्यांना जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. रात्रीच्या वापरानंतर टाकीत गार पाणी भरते आणि कॉइलचे बटण चालू असेल तर पहाटेपर्यंत वीज ते पाणी तापवून ठेवते. दीडशे लिटर पाणी तीस अंशांवरून साठावर नेण्यास पाच युनिटांहून अधिक वीज लागते. मग सूर्य उगवतो तो रिकामा. त्याला तापविण्यासारखे काही उरत नाही. ज्या गावात वर्षाचे आठ-नऊ महिने स्वच्छ ऊन पडते तेथे हा प्रकार पाहून आम्हांस हसावे की रडावे ते कळत नाही. बटण बंद ठेवावे, आभाळ आले तर संध्याकाळी लावावे.

थंड मुलखातल्या घरांत तर हा प्रश्न याहून मोठ्या प्रमाणावर असतो. आपली मुले-मुली इंग्लंडात राहतात, त्यांच्याकडे हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी पाहिले असेल की, तेथे एकच बॉयलर आंघोळीचे पाणीही तापवितो आणि भिंतीलगतच्या लोखंडी पट्ट्यांतून कढत पाणी फिरवून घरही उबदार ठेवतो. घड्याळ लावून तो बंद केला असताही रात्री एकाएकी घोंघावू लागतो आणि येथून गेलेली आई दचकून उठते. तेथे हुकूम देणारे अनेक. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून आतले तापमान पाच अंशांच्या आसपास उतरले की कित्येक बॉयलर स्वतःहून पेटतात. हा दोष नव्हे, रखवाली आहे. काहींत गरम पाणी तत्काळ मिळावे म्हणून थोडे पाणी आधीच तापवून ठेवण्याची सोय असते, ती हवी तर बंद करता येते. पण नळ गळत असेल, किंवा रस्त्यावरच्या वाहिनीतला दाब वरखाली होत असेल, तरीही आतल्या पाण्याच्या हालचालीवर चालणारी कळ फसते आणि बॉयलर पेटतो.

ही शेवटची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याकडचा गॅस गिझर याच तत्त्वावर चालतो. पाणी वाहू लागले की आतला रबरी पडदा ढकलला जातो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ठिणगी पडते. पाणी थांबले की पडदा परत येतो आणि ज्योत विझते. बेसिनच्या एका दांडीच्या नळाची दांडी मधोमध राहिली असली, तर हात धुणाऱ्याला गार पाणीच हवे असते, पण तिकडे न्हाणीघरात ज्योत पेटते. हे एक वेळ चालेल. परंतु बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून पडदा किंवा त्याची दांडी अडकली, तर नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहते, आणि बंद न्हाणीघरात जळणारी ज्योत म्हणजे साक्षात् घात आहे. खोलीतला प्राणवायू कमी पडू लागला की जळण अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. माणसाला डोके जड वाटते, गळून गेल्यासारखे होते, आणि दाराची कडी काढण्याचे बळ हातात उरत नाही. हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येतात आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे असतात. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. पाण्याची नळी तेवढी आत आणावी. नळ बंद केल्यावर ज्योत क्षणभरही रेंगाळताना दिसली, तर सिलिंडरचा कॉक बंद करून कारागीर येईपर्यंत चुलीवर पाणी तापवावे.

विजेच्या गिझरातही असाच एक प्रकार आहे. तो दुर्मिळ आहे, पण माहीत असावा. बटण बंद आहे, आणि तरीही पाणी कोमट होते. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. बटणाचे काम फेजची तार तोडणे हे होय. घाईत वायरिंग करणाऱ्याने ते न्यूट्रलवर बसविले, तर बटण बंद केल्यावर गिझर थांबलेला दिसतो, परंतु कॉइल फेजला जोडलेलीच राहते. कॉइलचे आवरण शाबूत आहे तोवर काही कळत नाही. क्षारांची पुटे चढून, आतल्या आत फाजील तापून ते आवरण एक दिवस तडकते. मग वीज न्यूट्रलची वाट न पाहता पाण्यातून, टाकीच्या अंगातून जमिनीत जाऊ लागते. अर्थिंग चांगले असेल तर तारेतून जाते आणि बटण बंद असताना पाणी तापते. अर्थिंग नसेल, तर ती नळाला हात लावणाऱ्या माणसातून जाते. थर्मोस्टॅटही येथे मदतीला येईलच असे नाही; तो न्यूट्रलच्या बाजूला असला तर या प्रवाहाच्या वाटेवरच नसतो. असे लक्षण दिसताच मुख्य स्विच पाडावा, न्हाणीघरात कोणास जाऊ देऊ नये, आणि वायरमनला सांगावे की गिझरचे बटण बंद ठेवून आतल्या टोकांवर टेस्टर लावून दाखव. तेथे टेस्टर पेटला तर फेज तुटत नाही. झाकण आपण स्वतः उघडू नये. गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारे बटण असावे, आणि घराच्या मुख्य फळीवर तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असावा.

आमच्या स्नेह्यांच्या घरी मिक्सरच्या चाव्या घट्ट केल्या त्या रात्री मीटरचा दिवा आपल्या जुन्या संथ चालीने लुकलुकत राहिला, असे आजींनी सकाळी जाहीर केले. वायरमन पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला कॉइलच्या बटणाखाली टेस्टर लावावयास सांगितले. ते न्यूट्रलवर होते. कॉइलचे आवरण अजून धड होते, म्हणून इतकी वर्षे निभावले. त्याने ते बटण बदलले, ब्रेकर बसविला, आणि काढून ठेवलेला जुना थर्मोस्टॅट पुन्हा जागच्या जागी लावला. त्यात बिघडलेले काहीच नव्हते.